शिंपी नव्हे, गादीवाला

रफूकाकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. ही म्हातारपणाची तक्रार नव्हती, पहिल्यापासूनच तसं होतं. लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात भर बाजारात ते स्वतःच्या बायकोला "बाई, जरा बाजूला व्हा" म्हणाले होते, आणि काकूंनी ती गोष्ट सदतीस वर्षं जराही शिळी होऊ दिली नव्हती.

भोकं मात्र काकांनी एकदा पाहिली की पाहिली. दुकानात कुणी शिरलं की ते आधी कोपर बघत, मग खिसा, मग गुडघा, आणि तिथे काही सापडलं की ओळखीचं हसत. एकदा त्यांचे मेहुणे परगावाहून आले, समोर बसून दहा मिनिटं घरच्या गप्पा मारल्या, काका आपले "हो, हो" करत राहिले. मेहुणे निघाले, पाठ वळली, आणि कोटाच्या पाठीवर सिगरेटने जळालेली जागा दिसली. तेव्हा कुठे काकांचा चेहरा उजळला. "अरे, तुम्ही होय," ते म्हणाले, "कधी आलात?"

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक खुर्ची, एक स्टूल, मान वाकवलेला दिवा आणि लोखंडी दांडीला अडकवलेलं भिंग. उंदराने कुरतडलेलं, कसरीने खाल्लेलं, खिळ्याने फाटलेलं, इस्त्रीने करपलेलं, असं सगळं तिथे येई. गिऱ्हाईक म्हणे, "खिळा लागला." काका भिंगातून बघत आणि विचारत, "कुत्रा घरचाच का?" गिऱ्हाईक मग खाली बघे. दुरुस्तीला लागणारा धागा काका बाहेरून आणत नसत, त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून उसवून काढत. काम झालं की कपडा परत देताना एक अडचण हमखास येई, गिऱ्हाइकाला फाटलेली जागा सापडत नसे, आणि मग बरेच जण उगाच संशयाने बघत निघून जात.

अशा दुकानात एके दिवशी चिखलाचे बूट घातलेली एक तरुण बाई आली. तिने पिशवीतून केसांसारखं काळं काहीतरी काढून स्टुलावर ठेवलं.

"गंगावन आहे का?" काकांनी विचारलं.

"जाळं आहे, काका. पक्षी धरायचं."

"खायला?"

"मोजायला."

बाई पक्ष्यांचा अभ्यास करणारी होती. बसने दोन तासांवर जंगल होतं, तिथे तिचा दहा दिवसांचा तळ पडायचा होता. झाडांमध्ये असं बारीक जाळं बांधायचं, त्यात अडकलेला पक्षी हळूच सोडवायचा, त्याचं वजन करायचं, चोच, पंख मोजायचे, पायात बारीक कडी घालायची आणि सोडून द्यायचं. एवढं ऐकून घेईपर्यंत काकांनी जाळं भिंगाखाली घेतलं होतं.

"हे पक्ष्याने नाही फाडलं," ते म्हणाले. "आडवी ओढ आहे, आणि भोक माणूस मावेल एवढं. गाय गेली का यातून?"

"हरीण," बाई म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा नीट बघायला लागली. नवीन जाळी महिनाभर मिळणार नव्हती आणि असलेली तळावर रोज फाटणार होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि तिने काकांना तळावरच चला म्हणून गळ घातली.

काकांना वाटलं होतं, काकू नाही म्हणतील. काकूंनी तेवढ्या वेळात पिशवी भरली होती. "जा की," त्या म्हणाल्या. "फक्त तिथे वाघ समोर आला तर 'जरा बाजूला व्हा' म्हणू नका. तो मनाला लावून घेईल."

तळ म्हणजे पत्र्याच्या छपराचं दोन खोल्यांचं जुनं घर. पुढे व्हरांडा, व्हरांड्यात लांब टेबल, टेबलावर एवढासा काटा, मोजपट्ट्या आणि कड्यांच्या डब्या. माणसं मोजून चार. ताई, म्हणजे ती अभ्यासक बाई, एक स्वयंपाकी, काका आणि ताईचे मोठे सर. सरांनी तीस वर्षं पक्षी शिकवले होते आणि निवृत्त झाल्यावरही शिकवायचं थांबवलं नव्हतं. समोर कुणी नसलं तर ते स्वयंपाक्याला शिकवत. त्यांच्या अंगात कायम अकरा खिशांचं एक जाकीट असे. त्यातला डावा खालचा खिसा तळाशी उसवलेला होता. सर चालत आणि मागे पेन्सिली पडत. काकांनी पहिल्याच दिवशी तो खिसा पाहिला आणि त्यांची बोटं शिवशिवायला लागली. पण न विचारता दुसऱ्याच्या भोकाबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ओढ्यावरून पळत आली. ओढ्याकाठी रानकेळी होत्या. तिथे केळफुलावर एक छोटा हिरवट पक्षी तिला ओझरता दिसला होता.

"चोच लांब होती, सर. खूप लांब."

"शिंजिराची मादी," सर चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले. "घाईत पाहिलं की प्रत्येक चोच लांब दिसते."

भांडण नेमकं कशाचं होतं ते काकांना स्वयंपाक्याने समजावून सांगितलं, कारण तोपर्यंत त्याचंही बऱ्यापैकी शिक्षण झालं होतं. शिंजीर म्हणजे फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी. नर जांभळा, चमकदार, आंधळ्यालाही दिसेल असा. मादी मात्र वर हिरवट, खाली पिवळसर, अगदी साधी. आता याच कापडाचा आणि याच रंगाचा दुसरा एक मध पिणारा पक्षी आहे, छोटा कोळीखाऊ. फरक एवढाच की त्याची चोच डोक्याच्या दुप्पट लांब. या जंगलात तो आजवर कुणाला दिसला नव्हता. दिसला असता तर ताईच्या अभ्यासाला मोठी किंमत आली असती. आणि म्हणूनच, सरांच्या मते, तो तिला दिसत होता.

ताई वाद घालणारी नव्हती. तिने वहीत पक्ष्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं. तिसऱ्या दिवशी दुसरं काढलं. चौथ्या दिवशी केळींजवळ जाळं बांधलं, त्यात एक शिंजिराची मादी सापडली, एक वटवाघूळ सापडलं आणि सरांची टोपी सापडली. "बघ," सर मादीकडे बोट दाखवून म्हणाले. टोपी त्यांनी स्वतःच सोडवून डोक्यावर घातली. पाचव्या दिवशी तिसरं प्रश्नचिन्ह पडलं.

त्या संध्याकाळी ताईने काकांसमोर पुस्तकातली दोन चित्रं ठेवली. "काका, तुमची नजर चांगली आहे. यात फरक दिसतो का?"

काकांनी मनापासून बघितलं. "भाऊ आहेत का?"

"वेगळे पक्षी आहेत. चोच बघा."

"चोच तर दोघांचीही धड आहे, कुठे फाटलेली नाही," काका म्हणाले, आणि ताईने पुस्तक मिटलं.

फोन लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर. रोज संध्याकाळी काका तिथे चढत.

"काय काय बघितलंत?" काकू विचारत.

"पाच भोकं. दोन मोठी."

"आणि जंगल?"

"ते आहे की. इथेच आहे."

सहाव्या दिवशी सकाळी एका जाळ्याचं टोक सुटून ओढ्याच्या दरडीवर काट्यांत अडकलं. ओढून काढलं असतं तर सगळं फाटलं असतं, म्हणून काका स्वतःच गेले. दरड उंच होती, आणि खाली ओढ्याकाठच्या रानकेळी, त्यामुळे केळीची पानं त्यांना वरून दिसत होती. एरवी कुणी पानं वरून बघत नाही. काकांनी काटे सोडवता सोडवता खाली पाहिलं, तर एका रुंद पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके होते.

बुरशी असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. बुरशी ओळीत येत नाही. हे ठिपके ओळीत होते, आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर जवळपास सारखं, करंगळीच्या नखाएवढं. काका जाळं तिथेच सोडून बसत-घसरत खाली उतरले, पँट मागून फाटली त्याचंही त्यांना भान राहिलं नाही, आणि पानाजवळ जाऊन हात मागे बांधून खालून वाकून बघितलं. पानाच्या पोटाशी एक लांबट पोतं टांगलेलं होतं. बारीक गवताचं, सुकलेल्या पानांच्या जाळीचं, आतून मऊ. एका टोकाला तोंड. पोत्याच्या कडेने पांढरं सूत पानातून आरपार वर गेलेलं.

काका तसेच वाकून कितीतरी वेळ उभे राहिले. एवढ्या वर्षांत असं काम त्यांनी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नव्हतं. मग ते लगबगीने घराकडे आले.

"ताई," ते म्हणाले, "त्या केळीच्या पानाला कुणीतरी अस्तर लावलंय."

टेबलाशी सर काहीतरी मोजत होते. ते मान वर न करता म्हणाले, "शिंपी पक्षी. पानं शिवून घरटं करतो. शाळेच्या पुस्तकात असतं."

एरवी काका मोठ्या माणसासमोर दोन पावलं मागे उभे राहत. पण आता टाक्याचा प्रश्न होता. ते टेबलाजवळ आले.

"माफ करा सर. शिंपी काय करतो? दोन कडा जवळ आणतो आणि जोडतो. बरोबर?"

"बरोबर. पानाच्या कडा दुमडतो आणि शिवतो."

"इथे कडांना हातच लावलेला नाही. पान जसंच्या तसं सपाट आहे. खालून पोतं धरलंय, टाका आरपार वर काढलाय आणि वर गाठीने अडवलाय. शंभराच्या वर टाके आहेत. हे शिंप्याचं काम नाही सर. असा टाका गादीला घालतात, आतला कापूस सरकू नये म्हणून. हा गादीवाला आहे."

सरांनी आता मान वर केली. "गादीवाला नावाचा पक्षी नाही."

"नसेल," काका म्हणाले. "पण ज्याने केलंय तो गादीवालाच आहे. शिंपी म्हणाल तर शिंप्याला राग येईल आणि गादीवाल्यालाही."

स्वयंपाकी दारात येऊन उभा राहिला होता. ताई टेबलाजवळ सरकली. तिने हळू आवाजात विचारलं, "काका, सूत कसलं आहे?"

"कोळ्याच्या जाळ्याचं वाटतं. चिकट, पांढरं."

ती आत गेली, जाडजूड पुस्तक घेऊन आली, पान काढलं आणि सरांसमोर ठेवलं. सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. कोळीखाऊ आपलं घरटं मोठ्या पानाच्या खालच्या बाजूला कोळ्याच्या सुताने टाचतो आणि सूत पानातून वर काढून अडवतो, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं.

"पुस्तकात बरंच काही लिहिलेलं असतं," सर म्हणाले.

"आणि शिंजिराचं घरटं कसं असतं हो?" काकांनी ताईला विचारलं.

"फांदीच्या टोकाला लोंबतं. सालपटं, कचरा, अळ्यांची विष्ठा, काय वाटेल ते चिकटवलेलं. दारावर छोटीशी पडवी."

"म्हणजे चिंध्यांची पिशवी," काका म्हणाले. "मग तो हा नव्हे."

घरट्यात अंडी असतील तर पक्ष्याला त्रास नको, म्हणून सरांनी आधी केळींजवळचं जाळं काढायला लावलं. त्या बाबतीत ते फार कडक होते, आणि ते काकांना आवडलं. ठरलं असं की दुसऱ्या दिवशी उजाडताच ओढ्याच्या पलीकडून, लांबूनच, दुर्बिणीने बघायचं.

तिघं जण ताडपत्री अंथरून बसले. सरांनी बजावलं होतं की खोकायचं नाही, आणि त्यामुळे काकांना जन्मात आला नव्हता इतका खोकला येत होता. पाऊण तास गेला. काकांच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग उजव्याला आल्या. मग झुडपांच्या बाजूने "चिक्, चिक्" असा धारदार आवाज आला आणि अंगठ्याएवढं काहीतरी हिरवट येऊन केळफुलाला उलटं लटकलं. चोच फुलात मुळापर्यंत गेली. बाहेर आली तेव्हा तिला अंत नव्हता. पक्ष्याने दोनदा मान हलवली आणि तो पानाखाली शिरला.

सर दुर्बीण डोळ्यांना लावून पुतळ्यासारखे बसले होते. काकांनी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "सर, सुई बघा. सुई वाकडी आहे. गादीवाल्याचीही अशीच असते. सरळ सुईने खालून टाका घालायला गेलं की हात अडतो."

पक्षी बाहेर आला, गेला, पुन्हा आला. चोच डोक्याच्या दुप्पट होती, यात आता घाई नव्हती आणि ओझरतंही काही नव्हतं. चौथ्या फेरीनंतर सरांनी दुर्बीण खाली घेतली.

"मादी नाही," ते म्हणाले.

"कुणाची मादी नाही, सर?" ताईने अगदी निरागसपणे विचारलं.

"शिंजिराची. लिही."

तिने वही उघडली आणि प्रश्नचिन्हं खोडायला पेन्सिल टेकवली. सरांनी हात आडवा धरला. "ती राहू दे. शेजारी लिही. तू पाहिलं होतंस आणि मी नाही म्हणालो, ते कुठेतरी दिसायला हवं." एवढं बोलून ते उठले आणि घराकडे चालू लागले. मागे दोन पेन्सिली पडल्या. ताईने त्या उचलून घेतल्या.

दुपारी जेवणं झाल्यावर सर काकांसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी अकराही खिसे टेबलावर रिकामे केले आणि जाकीट पुढे केलं. "डावा खालचा जरा बघता का?"

"सहा दिवस तोच बघतोय," काका म्हणाले.

त्यांनी आतल्या दुमडीतला धागा काढला आणि तासाभरात खिसा बंद केला. सरांनी जाकीट उजेडात धरलं, उलटं केलं, बोट फिरवलं. तीस वर्षं बारीकसारीक फरक शोधण्यात गेलेल्या माणसाला उसवलेली जागा सापडेना, तेव्हा ते खरे खूश झाले. संध्याकाळपर्यंत ते काकांना शिकवत होते. कोळीखाऊ कोळ्यालाही खातो आणि त्याच्या सुताने घरही शिवतो, हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे जेवण आणि दोरा एकाच दुकानातून."

त्या दिवशी टाकीवर फोन बराच वेळ चालला.

"कसा दिसतो हो तो पक्षी?" काकूंनी विचारलं.

"चोच लांब. वाकडी, बारीक, टोकाला..."

"चोच कळली. बाकीचा?"

काका विचारात पडले. "बाकीचा होता की. चोचीच्या मागेच होता."

"आणि तोंड?"

"चोचीलाच तोंड म्हणायचं ना त्याच्या?"

काकू पलीकडून हसत राहिल्या, आणि मग म्हणाल्या की लवकर या, जिन्याखाली कपड्यांचा ढीग लागलाय.

दोन-अडीच महिन्यांनी ताई दुकानात आली. काकांनी तिला बुटांवरून ओळखलं. तिने चपट्या खोक्यात ते पान आणलं होतं. दोन पिल्लं मोठी होऊन उडून गेली होती, पान सुकून गळून पडलं होतं, घरटं मात्र अजून त्याला धरून होतं. सोबत तिच्या अहवालाची प्रत होती. घरटं शिंपी पक्ष्याचं नाही हे टाक्यांवरून एका रफूगाराने प्रथम सांगितलं, असं एक वाक्य त्यात सरांनी हट्टाने घालायला लावलं होतं. काकांनी ते वाक्य एकदा वाचलं, ठीक आहे म्हणाले, आणि पान भिंगाखाली घेतलं. दहा मिनिटं ते एकेक टाका बघत गेले. मग त्यांचा चेहरा पडला.

"ताई, सरांना फोन लावा."

फोन लागला. "सर, माझं चुकलं," काका म्हणाले. "मी गाठ म्हणालो होतो. गाठ नाहीये ही. त्याने सुताचा भुसभुशीत पुंजका भोकातून वर ढकललाय आणि वर तो आपोआप फुललाय, म्हणून परत खाली येत नाही. गाठ मारलेलीच नाही."

पलीकडे सर इतके आनंदले की त्यांनी काकांना ते तीनदा सांगायला लावलं.

ताई गेल्यावर काकांनी दुकानाचा अर्धा दरवाजा ओढून घेतला आणि गाठ न मारता टाका थांबतो का ते बघायला बसले. पहिला धागा निसटला. दुसरा निसटला. तिसऱ्याने कापडच फाटलं. दुपारचा डबा घेऊन आलेल्या काकू स्टुलावर बसून काही वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"पीळ असलेला दोरा कसा फुलेल?" त्या शेवटी म्हणाल्या. "पीळ सोडवून घ्या आधी."

काकांनी पीळ सोडवला. काकूंनी कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं, काकांनी खालून सुई घातली, पुंजका वर आला, आणि या वेळी थोडा तरी धरून राहिला. दोघांनी एकदम वाकून बघितलं, डोक्याला डोकं लागलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारातून आत डोकावलं आणि त्याच्या पँटचं काय झालं म्हणून विचारलं.

"उद्या या," काकू कापडावरची नजर न काढता म्हणाल्या. "आज जरा कामात आहेत."